सॅकमधला गडू

निघायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही दोन्ही सॅक गल्लीतल्या रद्दीवाल्याकडे नेल्या आणि त्याच्या काट्याच्या हुकाला लटकवल्या. माझी भरली सात किलो दोनशे, नवऱ्याची आठ किलो नऊशे. ठरलं होतं आठच्या आत. मग तिथेच रद्दीच्या गठ्ठ्यांवर त्याची सॅक उघडली. जीन्स बाहेर, दुसरा स्वेटर बाहेर, जाड टॉवेल बाहेर आणि त्याजागी पंचा. रद्दीवाला म्हणाला, "कपडे पण घेतो मी, भाव कमी बसेल फक्त."

एवढं करून घरी आलो तर सासूबाई देवघराच्या दारात गंगेचा गडू घेऊन उभ्या. मूठभर उंचीचा, तांब्याचा, तोंडाला डाख लावून बंद केलेला. त्यांच्या सासूबाईंनी काशीहून आणलेला, चाळीसेक वर्षं देवघरात तसाच. "रामेश्वराला जाताय ना? मग रामलिंगावर हा घाला." रामेश्वर आमच्या यादीत होतं ते शेजारचं वादळात गेलेलं गाव, धनुष्कोडी, बघण्यासाठी, पण हे त्यांना सांगायची आमची टाप नव्हती. पुन्हा रद्दीवाल्याकडे जायला वेळ नव्हता. पाव किलोच्या वर असावा.

आमचा बेत असा: एकोणीस दिवस, पुण्याहून हुबळीमार्गे हंपी, तिथून तमिळनाडू, मग केरळ आणि कोकण रेल्वेने परत. स्लीपर डबा, सरकारी बस, आणि खोली बाराशेच्या आतली. जायचं तिकीट आणि हंपीची खोली सोडली तर काहीच आधी ठरवलेलं नव्हतं. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि तोवरचे आमचे प्रवास म्हणजे नातेवाइकांची लग्नं नाहीतर शनिवार-रविवारचं महाबळेश्वर. त्यामुळे एक नियम करून ठेवला. एक दिवस त्याचा, एक दिवस माझा. ज्याचा दिवस त्याने ठरवायचं, दुसऱ्याने कुरकुर करायची नाही. कुरकुर केली तर त्या संध्याकाळचे सगळे कपडे धुवायचे. (एकोणीस दिवसांत मी अकरा वेळा कपडे धुतले. हे मी कबूल करते.)

हुबळीहून होसपेटला जाणारी गाडी गदग, कोप्पळ करत जाते. हुबळीच्या स्टेशनबाहेर गिरमिट आणि मिरची भजी खाल्ली. गिरमिट म्हणजे आपल्या भेळेची उत्तर कर्नाटकातली मावसबहीण, फक्त जास्त चिंचगूळ आणि वर डाळ्याची पूड. होसपेटहून हंपी तेरा किलोमीटर. बसमध्ये बाकीच्या बायका आधार कार्ड दाखवून फुकट तिकीट घेत होत्या. मीही ऐटीत माझं कार्ड पुढे केलं. कंडक्टरने पत्ता वाचला, हसला आणि पैसे घेतले. ती योजना कर्नाटकात राहणाऱ्या बायकांसाठी.

हंपीत तीन दिवस राहिलो. पहिल्या दिवशी मला तिथले दगडच समजेनात. घराएवढे धोंडे एकावर एक असे रचलेले, की कुणीतरी खेळ अर्धवट टाकून जेवायला गेलंय. विरूपाक्षाच्या देवळातून बाहेर पडून नदीकाठाने विठ्ठलाच्या देवळापर्यंत पायी गेलो. पन्नासच्या नोटेवर मागच्या बाजूला असतो तो दगडी रथ याच देवळाच्या अंगणात आहे. सगळे लोक नोट हातात धरून रथाचा फोटो काढत होते, आम्हीही काढला. पण मला धक्का बसला तो गाभाऱ्यात. गाभारा रिकामा. सासूबाईंना व्हिडिओ कॉल लावून दाखवला तर त्यांना काहीच आश्चर्य वाटलं नाही. "तिथं कसा असेल? भानुदासांनी आणला की तो परत पंढरपूरला." एकनाथांचे पणजोबा भानुदास महाराज यांनी विजयनगरच्या राजाकडून विठोबा परत आणला, ही कथा आपल्याकडे पोरासोरांना ठाऊक असते. मलाही होती. पण तो ज्या जागेवरून आणला म्हणतात ती जागा अशी समोर येईल हे डोक्यात आलं नव्हतं. १५६५ च्या लढाईनंतर हे शहर लुटलं गेलं, मोडलं गेलं. सासूबाईंच्या हिशेबात मात्र तिथे एक जण आधीच सुखरूप घरी पोहोचलेला होता.

आता आमच्या अज्ञानाची गोष्ट. आम्ही जानेवारीत निघालो, कारण थंडी. संक्रांत मध्ये येते हे माहीत होतं, सॅकमध्ये तिळगुळाचा डबाही होता. पण संक्रांत म्हणजे तिकडे पोंगल, आणि पोंगल म्हणजे आपल्याकडच्या गणपतीत कोकणात जाणाऱ्या गाड्यांसारखा प्रकार, हे काही सुचलं नाही. बंगळुरूहून तंजावरच्या रात्रीच्या गाडीचं वेटिंग बघून नवऱ्याने फोन मला दिला आणि चहा आणायला गेला. शेवटी बसने गेलो. बंगळुरू ते सेलम, सेलम ते तिरुची, तिरुची ते तंजावर. सेलमच्या बसस्टँडवर माणसं कमी आणि ऊस जास्त दिसत होता. पाल्यासकट बांधलेल्या उसाच्या मोळ्या, पानांसकट उपटलेली हळद, नव्या कपड्यांच्या पिशव्या. तिरुचीच्या गाडीत मला बसायला मिळालं, त्याला नाही. तीन तास तो सॅक पोटाशी धरून उभा होता आणि प्रत्येक गचक्याला गडूचा काठ त्याच्या बरगडीत घुसत होता. आम्हाला तमिळ येत नव्हतं, तरी एका आजोबांनी त्याला उसाचं कांडं सोलून दिलं. ते खाताना चिपाडं कुठे टाकायची हा प्रश्न पडला, तर आजोबांनी आपला तळहातच पुढे केला.

तंजावरला पोहोचलो तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते. पहिल्या लॉजवर मॅनेजरने दोन्ही आधार कार्डं शेजारी शेजारी ठेवली. माझं आडनाव माहेरचं, पत्ता सांगलीचा. त्याचं आडनाव वेगळं, पत्ता पुण्याचा. "मॅरेज प्रूफ?" फोनमध्ये नोंदणीच्या दाखल्याचा फोटो होता, तो दाखवला. ओरिजिनल हवं म्हणाला. ओरिजिनल दाखला कुणी सॅकमध्ये घालून फिरतं का? नवरा भांडायच्या बेतात होता, मीच ओढून बाहेर आणलं. नियम त्यांचा असेल, खोली त्यांची आहे, पण रात्री अकराला रस्त्यावर उभं राहिल्यावर ज्या शब्दांत मी तो नियम आठवला ते इथे लिहिण्यासारखे नाहीत.

दुसऱ्या लॉजवर एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांनीही कार्डं बघितली, मग माझ्या गळ्याकडे बघून विचारलं, "ताली?" मंगळसूत्र मी घरी कपाटात ठेवलं होतं, चोरीच्या भीतीने. आता मात्र मला रडू यायच्या बेतात होतं. तेवढ्यात नवऱ्याने लग्नाचा फोटो काढून पुढे धरला. म्हाताऱ्यांनी चष्मा वर केला, फोटो मोठा केला आणि त्याच्या कपाळावर बोट ठेवलं. मुंडावळ्या. हे काय? आम्ही हातवारे करून सांगितलं, मोत्यांच्या, दोघांच्याही कपाळाला बांधतात. त्यांनी आतून बायकोला हाक मारली. मग त्या दोघांनी मिळून आमचा अख्खा अल्बम बघितला, माझी नऊवारी, अंतरपाट, रडवेले बाबा, सगळं. खोली नऊशेला मिळाली आणि सकाळी न मागता गरम पाण्याची बादली. त्यानंतर प्रत्येक गावात आम्ही आधी तोच फोटो काढायचो. दोघांची आडनावं वेगळी असतील तर दाखल्याची एक छापील प्रत आणि एक मुंडावळ्यांचा फोटो जवळ ठेवा, एवढंच सांगते.

बृहदीश्वराचं देऊळ राजराज चोळाने बांधलं, १०१० साली पूर्ण झालं. दोनशे फुटांहून उंच ते शिखर सकाळी आधी करडं दिसतं आणि मग हळूहळू मधाच्या रंगाचं होत जातं. तो दिवस नवऱ्याचा होता. प्राकाराच्या भिंतीवर मराठी शिलालेख आहे हे त्याने कुठेतरी वाचलं होतं आणि तो शोधल्याशिवाय हलायचं नाही असं ठरवून आला होता. सापडला. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी तंजावरला भोसल्यांचं राज्य उभं केलं, ते १८५५ पर्यंत टिकलं. त्यातल्या दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ मध्ये आपल्या घराण्याचा इतिहास या भिंतीवर कोरून घेतला. ओळीमागून ओळी, शब्दांत जागा न सोडता. बोट हवेत फिरवत तो अक्षर अक्षर लावत होता, मध्येच एखादा शब्द जुळला की मोठ्याने म्हणत होता. दगड तापला, माझे अनवाणी पाय भाजले, मी कुरकुर केली. कपडे मी धुतले.

दुसऱ्या दिवशी मट्टू पोंगल, म्हणजे गुराढोरांचा सण, आपल्या बैलपोळ्यासारखा. देवळासमोरच्या एकसंध दगडाच्या प्रचंड नंदीला आधी अभिषेक आणि मग भाज्या-फळांची आरास. वांगी, दुधी, काकड्या, संत्री, केळी यांच्या माळा नंदीच्या गळ्यात आणि पाठीवर. आपल्याकडे बैलाला झूल घालतात, इथे अख्खी मंडई घातली होती. खाली अंगणात खऱ्या गाईंची पूजा चाललेली. ते बघून गावात परत येताना टाउन बसमध्ये चढलो. कंडक्टरने मला तिकीट दिलं, पैसे घेतले नाहीत. तमिळनाडूत साध्या टाउन बसमध्ये बायकांना प्रवास फुकट, पत्ता बिता कुणी विचारत नाही. हंपीचा अपमान भरून निघाला. पुढचे आठ दिवस मी प्रत्येक टाउन बसमध्ये नवऱ्याला "तुझं काढलंस का?" असं विचारत होते.

रामेश्वराला आधी अग्नितीर्थावर, म्हणजे समुद्रात, बुडी मारायची आणि मग तशाच ओल्या अंगाने देवळातल्या बावीस तीर्थांवर जायचं. माणशी पंचवीस रुपयांचं तिकीट. बावीस तीर्थं म्हणजे बहुतेक विहिरीच, देवळाच्या आवारात विखुरलेल्या. काठावर उभे असलेले लोक दोरीची बादली सोडतात आणि भरून थेट आपल्या डोक्यावर उपडी करतात. आम्ही दोघंही याला तयार नव्हतो, उरकून टाकू म्हणून गेलो होतो. पाचव्या-सहाव्या विहिरीपर्यंत अंगावर काटा, मग हसू, आणि मग अशी अवस्था येते की पुढची विहीर कुठे आहे ते बघत माणसं लहान मुलांसारखी पळत सुटतात. एकीचं पाणी गार, शेजारचीचं कोमट. दगडी फरशी शेवाळलेली, म्हणून सगळेजण एकमेकांचा दंड धरून चालतात. मी आधी नवऱ्याचा धरला होता, पंधराव्या विहिरीपाशी बघते तर हातात एका अनोळखी बाईचा दंड. तिनेही माझा सोडला नाही.

ओले कपडे बदलल्याशिवाय गाभाऱ्याकडे सोडत नाहीत. कोरडे होऊन गडू घेऊन गेलो. पावती फाडली, आणि आता प्रश्न, हा उघडायचा कसा? चाळीस वर्षांचा डाख. नवऱ्याने किल्लीने खरवडून बघितलं, नाण्याने बघितलं. तिथल्या एका सेवेकऱ्याने न बोलता गडू त्याच्या हातातून घेतला, एक खिळा काठाशी टेकवला आणि छोट्या दगडाने गडू फिरवत फिरवत टक टक टक असा गोल ठोकत गेला. झाकण टिकलीसारखं उडालं. दिवसाला कितीतरी गडू उघडत असणार तो. मला वाटलं होतं आत काही उरलं नसेल. काठोकाठ होतं. नवऱ्याने नाक जवळ नेलं. कसलाच वास नाही. पाणी देवळाच्या भांड्यात ओतून घेतलं, रिकामा गडू आमच्या हातात आला. रांगेतून पुढे सरकत असताना लिंगावर पाणी पडताना दिसलं. त्यात आमचं कुठलं हे कळायला काही मार्ग नव्हता. आजेसासूबाईंना मी कधी पाहिलेलं नाही. बाहेर बाराशेच्या वर खांब असलेल्या त्या लांबलचक ओवऱ्यांमधून चालताना आम्ही दोघंही बराच वेळ गप्प होतो. नवरा देव मानत नाही. मी विचारलं नाही.

धनुष्कोडीला त्याच दुपारी बसने गेलो. डिसेंबर १९६४ च्या वादळात हे गाव गेलं. पांबनहून निघालेली पॅसेंजर गाडी शंभरावर माणसांसकट लाटेने ओढून नेली. चर्चच्या भिंती उभ्या आहेत, प्रवाळाच्या दगडाच्या, खायला उठल्यासारख्या भोकाभोकांच्या. पुढे अरिचलमुनैला रस्ता संपतो आणि दोन्ही बाजूंनी समुद्र. एका बाजूला लाटा आपटतात, दुसऱ्या बाजूला परातीतल्यासारखं पाणी. नवरा खाली बसला आणि रिकाम्या गडूत वाळू भरायला लागला. "आईने सांगितलं होतं. सेतूची वाळू." मला नव्हतं सांगितलं! परत निघताना सॅक उचलली तर गडू आधीपेक्षा जड. पाण्यापेक्षा वाळू जड असते हे शाळेत शिकलेलं ज्ञान तेव्हा खांद्याला कळलं.

मदुराईला जाणारी पॅसेंजर पकडली ती खास पांबनच्या पुलासाठी. १९१४ चा जुना पूल डिसेंबर २०२२ मध्ये बंद झाला, एप्रिल २०२५ मध्ये नवा सुरू झाला. त्याचा मधला भाग जहाजांसाठी सरळ वर उचलला जातो. आम्ही गेलो तेव्हा तो अर्थातच खालीच होता. दारात उभं राहिलो, वारा तोंडात गेला, पूल संपला. खरं सांगायचं तर नवऱ्याच्या अपेक्षेपेक्षा फार लवकर संपला.

मदुराईत मात्र गाडं अडलं. पहिल्या संध्याकाळी त्याने रस्त्यावर परोटा खाल्ला, त्यावर जिगरठंडा, म्हणजे तिथलं आइस्क्रीम घातलेलं थंड दूध, मग दुसऱ्या गाडीवर आणखी एक जिगरठंडा, कारण पहिल्यात आइस्क्रीम कमी होतं म्हणे. पहाटे तीनपासून संडास आणि पलंग. ताप नव्हता एवढंच बरं. मेडिकलवाल्याने ओआरएसची पाकिटं दिली आणि "कर्ड राइस" असं दोनदा बजावलं. दोन दिवस मी इडली आणि दहीभाताची पार्सलं आणली, दोरीवर पंचे वाळत घातले, आणि त्याच्या वाट्याचे कपडेही धुतले. याच दोन दिवसांत कन्याकुमारी गेली. नकाशावर बोट ठेवून मी म्हटलं, सोडू या. तो म्हणाला, तू एकटी जाऊन ये. कन्याकुमारी म्हणजे त्याचं लहानपणापासूनचं. मी नाही म्हटलं, तो चिडला, मग झोपला. लोक अजून विचारतात, एवढं लांब गेलात आणि कन्याकुमारी नाही? नाही.

दुसऱ्या रात्री त्यानेच मला मीनाक्षीच्या देवळात पाठवलं. आत फोन नेता येत नाही, त्यामुळे हातात काहीच नव्हतं. रोज रात्री तिथे सुंदरेश्वराच्या पादुका पालखीतून मीनाक्षीच्या शेजघरात नेतात. धुपाचा लोट, नादस्वरम आणि ढोलाचा दणका, आणि पालखीबरोबर धावपळ करणारे पन्नास-साठ लोक. मध्ये पालखी थांबते, वारा घालतात, पुन्हा निघते. मग शेजघराचं दार. माझ्या शेजारी एक म्हातारी होती, ती दाराशी हात जोडून काहीतरी पुटपुटली आणि जांभई दिली, घरातल्यांची निजानीज झाल्यावर देतात तशी.

खोलीवर आले तर नवरा जागा. फोटो नाही, व्हिडिओ नाही, म्हणून सगळं बसून सांगावं लागलं. पालखी कशी, किती माणसं, ढोल कसा वाजत होता. तो मध्ये मध्ये विचारत होता, मग? मग पुढे? एवढं सलग काही मी त्याला बऱ्याच दिवसांत सांगितलं नव्हतं. आमचं एरवीचं बोलणं म्हणजे गॅस बुक केलास का आणि उद्या ऑफिसला कोण लवकर.

पुढचा रस्ता तेनी, कंबम करत कुमळीचा घाट चढून केरळात. कंबमला द्राक्षांचे मांडव रस्त्याला लागून, अगदी आपल्या तासगाव-नाशिकसारखे. कोट्टायमहून अलप्पुळाला सरकारी बोटीने गेलो. हाउसबोटीच्या एका रात्रीत आमचे पाच-सहा दिवस निघाले असते. या बोटीचं तिकीट तिसेक रुपये आणि अडीच तासांचा प्रवास. सुरुवातीचा कालवा एवढा अरुंद की काठावर भांडी घासणाऱ्या बाईशी बोटीवाले बोलत जातात. मध्ये पाण्यावर छोटे पूल, बोट आली की काठावरचा माणूस दोर ओढून पूल वर करतो, बोट गेली की खाली सोडतो. पांबनला जे बघायला मिळालं नाही ते इथे शाळेच्या दप्तरांसकट उभ्या असलेल्या मुलांबरोबर फुकट बघितलं. नवरा लाकडी बाकावर पाय पसरून बसला होता, गाल बसलेले, पण रंग परत आलेला. पुढे वेंबनाड तलाव उघडला. कुट्टनाडची भातशेती बांधापलीकडे पाण्याच्या पातळीहून खाली दिसते. बोट वर आणि शेत खाली, हे डोळ्यांना पटायला वेळ लागतो.

जेवणाच्या पानावर वाढपी थांबत नाहीत, म्हणून "पुरे" हा शब्द आम्ही सगळीकडे आधी शिकलो. हंपीत साकु, तमिळनाडूत पोदुम. केरळात मदी शिकलो खरा, पण नवऱ्याने तो अलप्पुळाला एकदाही वापरला नाही. तीनदा भात घेतला. तेव्हा मला बरा झाल्याची खात्री पटली.

कोचीला दीड दिवस होतो, पण दोघंही थकलो होतो. मासे धरायची चिनी जाळी बघितली, वॉटर मेट्रोच्या बोटीत बसलो, झोपा काढल्या. मग कोकण रेल्वेने पनवेल आणि तिथून घर. दोघांचा मिळून खर्च चाळीस हजारांच्या आत बसला, औषधं धरून.

सासूबाईंनी आधी गडू मागितला. मी झाकण म्हणून बांधलेलं फडकं सोडून वाळू दाखवली. त्यांनी चिमूट घेऊन बोटांत चोळली, गडू देवाजवळ ठेवला, नमस्कार केला. मी विचारलं, मावंदं, म्हणजे यात्रा पुरी झाल्याचं जेवण, कधी घालायचं? त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "अगं, मावंदं आत्ता कसलं? ही वाळू प्रयागला गंगेत सोडायची असते. तिथून पाणी आणायचं. ते परत रामेश्वराला."

नवरा सॅक रिकामी करत होता. त्याने हात थांबवले आणि विचारलं, "आई, प्रयागहून रामेश्वरला जाताना कन्याकुमारी वाटेत येते का गं?"